कोविडच्या बॅचचं राहिलेलं ट्रेनिंग

संपादक साहेब, नमस्कार.

१२ मेच्या परिचारिका दिनाला पेपरात नर्सेसचं कौतुक छापून येतं, वाचून बरं वाटतं. पण कोविडमध्ये ज्या मुली अजून नर्स झाल्याच नव्हत्या, शिकतच होत्या, त्यांच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. मी त्याच बॅचची.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, हॉस्टेल रिकामं झालं आणि लेक्चर मोबाईलवर आली. थिअरी जमते हो मोबाईलवर, पण कॅन्युला लावणं (सलाईनसाठी शिरेत सुई घालून नळी बसवणं), रायल्स ट्यूब म्हणजे नाकातून पोटात जाणारी नळी टाकणं, हे व्हिडिओ बघून कसं येणार? शीर बोटाला लागावी लागते, पेशंट हात ओढून घेतो तेव्हा त्याच्याशी बोलत बोलत सुई टाकायची असते, ते डमीवरसुद्धा येत नाही.

मग दुसरी लाट आली. ३ मे २०२१ ला केंद्र सरकारनं सांगितलं की शेवटच्या वर्षाच्या, परीक्षा बाकी असलेल्या बीएस्सी नर्सिंग आणि जीएनएमच्या (नर्सिंगचा डिप्लोमा) विद्यार्थ्यांनाही सिनियर फॅकल्टीच्या देखरेखीखाली कोविड ड्युटी देता येईल. निर्णयाला मी नावं ठेवत नाही, वॉर्डात माणसंच नव्हती. पण आमच्याकडं नाईटला एक सिस्टर आणि सगळा वॉर्ड फुल, ती बिचारी या बेडवरून त्या बेडवर पळायची, तिला विचारणार कधी? पीपीई किट चढवलं की ड्युटी संपेपर्यंत पाणी नाही, वॉशरूम नाही, गॉगलवर वाफ, दोन-दोन ग्लोव्हजमधून नाडी लागत नाही, आणि पेशंटला पोटावर झोपवताना आयव्ही लाईन (सलाईनची नळी) न ओढता कसं वळवायचं हे तिथंच उभ्या उभ्या शिकायचं. नातेवाईकांना व्हिडिओ कॉल लावून द्यायचं काम पण आमच्याकडंच असायचं. तिकडून मुलगा ‘आई, डोळे उघड ना’ म्हणतोय आणि मोबाईल आपण धरलाय, हे कुठल्या सिलॅबसमध्ये होतं? अजून त्रास होतो, आणि त्यावर आमच्याशी कुणी बसून बोललंच नाही.

त्यात बाकीचं शिक्षण राहिलं ते राहिलंच. लेबर रूम, लहान मुलांचा वॉर्ड, ऑपरेशन थिएटर, गावातली कम्युनिटी पोस्टिंग, कुणाची अर्धी झाली कुणाची त्याहून कमी. २०२० हे वर्ष तर जागतिक आरोग्य संघटनेनं परिचारिका आणि सुईणींचं वर्ष म्हणून जाहीर केलेलं, आणि माझ्या ओळखीच्या काही जणींनी पहिली डिलिव्हरी स्वतःच्या हातानं केली ती थेट नोकरी लागल्यावर! यात त्या पोरींचा काय दोष, पण तिथं टेबलावर असलेल्या बाईचा तरी काय दोष?

माझं म्हणणं एवढंच, ज्यांना पाहिजे त्यांना जिल्हा रुग्णालयात काही आठवडे लेबर रूम आणि बालरोग वॉर्डची पोस्टिंग पगार न कापता मिळावी. १०० दिवस कोविड ड्युटी केलेल्यांना सरकारी भरतीत प्राधान्य असं तेव्हा जाहीर झालं होतं, ते किती जणींना मिळालं याचा आकडा सरकारनं सांगावा. आणि पुढची साथ यायच्या आत लेखी नियम करा, एका सिनियर सिस्टरमागं विद्यार्थी किती, विमा पहिल्या दिवसापासून आहे का, स्टायपेंड किती, रडू आलं तर जायचं कुणाकडं. हे आत्ता ठरलं नाही तर तेव्हाही कोणीतरी शिकणारी मुलगी नाईटला एकटीच उभी असणार.

— एक स्टाफ नर्स, सोलापूर