पंख्याखालचा खाकी शर्ट

लालबाग, मुंबई
१० ऑगस्ट

प्रिय बंड्या,

पाकीट बघून दचकू नकोस, घरी सगळे खुशाल आहेत. फोनवर तू मला मध्येच तोडतोस आणि आज मला सगळं सांगायचंय, म्हणून पत्र. आपल्या चिमीला आंतरशालेय चित्रकला स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं! बाप एलिमेंटरीला सी ग्रेडवाला. आठवतंय ना, वस्तुचित्रात माझी कळशी एका अंगाला कलली होती आणि तू म्हणालास, "अन्या, पाणी सांडतंय बघ."

विषय होता 'पावसाळा'. आदल्या रात्री मी तिला शहाणपण शिकवलं, मरीन ड्राइव्हच्या लाटा काढ, रंगीत छत्र्या काढ, परीक्षकांना तेच आवडतं. तिने "हो बाबा" म्हटलं. आणि तिथे बसून काढलं काय, तर आमच्या खोलीत पंख्याखाली दोरीवर वाळत टाकलेला माझा कंडक्टरचा खाकी शर्ट. खाली वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले बूट. पाऊस आहे, पण तो दारातून गॅलरीपलीकडे दिसतो तेवढाच. माणूस एकही नाही.

खरं सांगू? आधी मला लाजच वाटली. हॉलमध्ये इस्त्रीचे कपडे घातलेले आईबाप, चहूकडे मोर आणि इंद्रधनुष्यं, आणि मधोमध घरची दोरी. आपली खोली कशाला सगळ्यांना दाखवायची, असं मनात आलं. हिला मी दटावणार होतो, तेवढ्यात परीक्षक बाई आल्या. चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या, मग चिमीला विचारलं, "हा खाकी कसा जमवलास गं?" आमची पोरगी घडाघडा सांगायला लागली, यलो ऑकरमध्ये तपकिरी, वर अगदी थेंबभर हिरवा. "आणि ओला असताना खांद्यावर जास्त काळपट दिसतो, कारण तिथे बॅगेचा पट्टा घासतो."

बंड्या, २२ वर्षं मी तो पट्टा खांद्यावर वागवतोय. खांदा झिजलाय हे मला कधी दिसलं नव्हतं. भिंतीवर आग विझवायच्या सूचना होत्या, त्या मी तीनदा वाचून काढल्या. नाहीतर सगळ्यांदेखत रडलो असतो.

बक्षिसात रंगांची पेटी आणि प्रमाणपत्र मिळालं. मी विचारलं, आता काय हवं? तर म्हणे जहांगीर आर्ट गॅलरी. रविवारी काळा घोड्याला गेलो. तिकीट नाही काही नाही, सरळ आत. इतकी वर्षं तिथून बस नेली, पण आत पाऊल टाकलं ते परवा. ही एकेका चित्राला नाक लावून उभी, आणि मी लांबून तिच्याकडे बघत.

येताना जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या फाटकासमोर थांबलो. या स्टॉपवर किती पेशंटना मी "अहो, जे. जे. हॉस्पिटल हे नव्हे, ते भायखळ्याकडे" म्हणून परत वर चढवलंय! जमशेटजी जीजीभॉयच्या देणगीतून दोन्ही झालं, म्हणून घोळ. शाळा १८५७ची. फाटकाच्या गजांतून चिमी आतली झाडं बघत होती. "इथे शिकायला काय लागतं?" मी म्हटलं, आधी एलिमेंटरी, इंटरमिजिएट दे, मग बघू. ही खर्चाची गोष्ट आहे आणि तुझ्याशी सविस्तर बोलायची आहे, पण समोरासमोर. गणपतीला येतोयस ना? वहिनींना आणि पोरांना घेऊन ये.

चित्र अजून शाळेच्या बोर्डावर आहे. मिळालं की फ्रेम करायचं म्हणतोय, पण लावायचं कुठे? एकच भिंत रिकामी आहे आणि तिच्यावरूनच दोरी जाते.

एक सांगायचं राहिलं. चित्रातल्या शर्टाला वरून तिसरं बटण नाही. खऱ्यालाही नव्हतं. परवा हिने ते लावून टाकलं, तर चिमी दोन तास आईशी बोलली नाही.

तुझा,
अन्या