क्रॅनली ड्राइव्हवरचे शेजारी

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

आम्ही इकडे मजेत. बाबा, तुम्ही विचारलं होतंत ना, आमच्या या लंडनच्या उपनगरात, रायस्लिपमध्ये बघण्यासारखं काय आहे? बघायला काही नाही, पण ऐकण्यासारखी एक गोष्ट आहे.

आमच्या जवळच्याच क्रॅनली ड्राइव्हवर, ४५ नंबरच्या बंगल्यात, पीटर आणि हेलन क्रोगर राहायचे. तो जुनी पुस्तकं विकायचा, ती गल्लीभर गप्पा मारायची. खरी नावं मॉरिस आणि लोना कोहेन, दोघं रशियाचे हेर! इंग्लंडमधल्याच पोर्टलंडच्या नौदल केंद्रातले पाणबुडी हुडकण्याच्या तंत्राचे कागद हॅरी हॉटन आणि त्याची मैत्रीण एथेल जी हे दोघं बाहेर काढायचे, लंडनमधला लॉन्सडेल नावाचा रशियन हेर ते घ्यायचा आणि माहिती इथून मॉस्कोला जायची. हॉटन घरी गुप्त कागद आणतो हे त्याच्या बायकोने कधीच सांगितलं होतं. पण नवऱ्यावरच्या रागापोटी बोलते म्हणून साहेबांनी कानाआड केलं. (आई, तू यावर काय म्हणशील ते मला पाठ आहे.) शेवटी पोलंडच्या हेरखात्यातल्या माणसाकडून सुगावा लागला.

पण माझ्या डोक्यातून जात नाही ती समोरच्या घरातली बाई. हेलनची जिवाभावाची मैत्रीण. १९६० च्या नोव्हेंबरात एमआय फाइव्हची, म्हणजे हेर पकडणाऱ्या ब्रिटिश गुप्तचर खात्याची माणसं तिच्याकडे आली आणि लेकीच्या खोलीच्या खिडकीतून पाळत सुरू झाली. वर पहारा, आणि खाली हेलन नेहमीसारखी चहाला! दोन महिने त्या बाईने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. देशासाठी का असेना, मला नसतं बाई जमलं.

७ जानेवारी १९६१ ला पोलीस दारात आले. हेलन म्हणाली, निघण्याआधी बॉयलरमध्ये कोळसा घालून येते. अधिकारी हुशार, आधी पर्स मागितली. आत लॉन्सडेलने बायकोला लिहिलेलं रशियन पत्र आणि टिंबाएवढे फोटो. लायटरच्या पोकळ बुडात सांकेतिक आकड्यांचे कागद निघाले, स्वयंपाकघराच्या जमिनीखाली ट्रान्समीटर. लॉन्सडेलला २५ वर्षं, क्रोगरांना २०, हॉटन आणि एथेलला १५. पुढे क्रोगरांना १९६९ मध्ये रशियाच्या कैदेतल्या एका इंग्रजाच्या बदल्यात सोडलं. हॉटन आणि एथेल सुटल्यावर लग्न करून मोकळे झाले. १९७७ मध्ये त्याच बंगल्याच्या बागेत आणखी एक ट्रान्समीटर सापडला.

बाबा, मे महिन्यात याल तेव्हा फिरायला तिकडूनच जाऊ. आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव. थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

तुमची,
वैशाली