पडवीचं छप्पर आणि माझा प्रवेश

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा दोन वाक्यं बोलून फोन आईकडे देतात आणि आई 'जेवलंस मा?'च्या पुढे मला जाऊच देत नाही, म्हणून लिहितोय. माझा बीडीएसला नंबर लागला. सरकारी दंत महाविद्यालय, मुंबई. प्रवेश घेतला, फी भरली, मूळ कागदपत्रं जमा केली. आधी विचारायला हवं होतं, कळतंय मला. पण नीटच्या प्रवेश परीक्षेत दोनदा आपटलो तेही तुम्हाला सांगितलं नव्हतं. परत एकदा आशेला लावायचं आणि परत 'राहिलं' म्हणायचं, हे माझ्याच्याने झालं नसतं.

फी पडवीच्या छपराच्या आरडीतून भरली. हे लिहायला चार दिवस लागले. पुढच्या मे महिन्यात छप्पर करूया. तोवर मामा दोन वासे बदलून देतो म्हणालाय. महिन्याला सात हजारांऐवजी तीन येतील, कारण दिवसाची नोकरी सोडली. संध्याकाळी सात ते साडेनऊ दातांच्या क्लिनिकमध्ये जाणारच आहे, तिथल्या डॉक्टर मॅडमनी स्वतःहून सांगितलं. बाबांच्या बीपीच्या गोळ्या त्या तीन हजारांत धरू नका, त्या मी इथून घेऊन पाठवीन.

चार वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप. संपेल तेव्हा मी 31 वर्षांचा असेन. बाबा, तुम्ही बेस्टमध्ये कायम झालात तेव्हा तुमचं वय हेच होतं ना?

बारावीला केमिस्ट्रीत गेलो ते वर्ष कुणीच काढत नाही, मीही काढत नव्हतो. पुरवणी परीक्षेच्या दिवशी बाबा रात्रीची ड्यूटी करून घरी न जाता थेट सेंटरवर आले होते, कंडक्टरच्या खाकीत, हातात चार केळी. त्या पुरवणीनंतर फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून 300 पैकी 154 झाले. खुल्या गटाला निम्मे लागतात, म्हणजे 150. आठ वर्षांनी त्याच चार गुणांवर मी पात्र ठरलो. पुढे बीएससीला केट्या लागल्या आणि ते सोडलं, तेव्हा आई देवाजवळ काय बोलली ते मी ऐकलं होतं. नीट 720 गुणांची, त्यातले निम्मे बायोलॉजीचे. आधी दोन्ही वेळा न येणारे प्रश्नही ठोकत सुटलो, आणि चुकलं की एक गुण जातो. या खेपेला येत नाही ते सोडून द्यायला शिकलो.

दातच का, असं बाबा विचारतील. गेल्या वर्षी क्लिनिकमध्ये एका आजोबांना कवळी बसवली. बसवल्यावर मॅडम आकडे म्हणायला लावतात, 'स' नीट येतो का बघायला. आजोबा साठ, एकसष्ट, बासष्ट म्हणत गेले आणि मधेच थांबून बाहेर बसलेल्या आजींना हाक मारली, 'सुशीला!' आजी उठून दारात आल्या. मी सक्शनची नळी हातात धरून तसाच उभा. त्या रात्री अकरावीची बायोलॉजी परत उघडली.

आता बाबा, रागावू नका. तुम्ही चुना-तंबाखू धरता त्या गालात आतून पांढरा डाग आहे, मे महिन्यात तुम्ही हसलात तेव्हा मला दिसला. काही असेलच असं नाही. पण पुसून न जाणारा डाग दाखवायचाच असतो. आणि आई, यांच्या तोंडात तीन बोटं उभी जातात का ते बघ आणि मला सांग. दिवाळीच्या आधी कणकवलीहून कोकणकन्या धरा, मी तिकिटं काढतो. सीएसएमटीला उतरलात की सेंट जॉर्जच्या आवारात आमचं कॉलेज, चालत जाण्यासारखं. मी स्टेशनवर असेन. तोवर पुडी बंद. आईची मिश्रीसुद्धा बंद, 'जुनी सवय आहे' हे चालणार नाही.

माझी काळजी करू नका. काळाचौकीची खोली आहेच, कॉटन ग्रीनहून सीएसएमटी पाचवं स्टेशन. शेजारच्या काकू पोळीभाजी देतात. पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायचे असतात. आई, तुझ्या मोदकांच्या कळ्या पाडायला शिकलो होतो, तो हात अजून आहे. येताना कुळथाची पिठी मात्र आण. इथली नाही आवडत.

तुमचा,
बाळू

ता. क. पडवीत खांबाजवळ गळतं तिथे पातेलं ठेवून आई, रात्रभर उठत बसू नकोस. मामाला आजच ताडपत्री ओढून घ्यायला सांग. बाबांनी वर चढायचं नाही.