आर्टिफॅक्ट म्हणजे कलाकृती नव्हे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

उत्खननाची बातमी मराठीत येते तेव्हा ‘आर्टिफॅक्ट’ (माणसाने घडवलेली वस्तू) या शब्दाची अनेक रूपे वाचायला मिळतात. मथळ्यात कलाकृती, मजकुरात अवशेष आणि छायाचित्राखाली पुरावस्तू, असे एकाच बातमीतही होते. हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. फुटक्या मडक्याचे खापर आर्टिफॅक्ट आहे, पण कलाकृती नाही. त्याच्याशेजारी सापडलेला सांगाडा अवशेष आहे, पण आर्टिफॅक्ट नाही.

घोटाळा होतो तो शब्दातल्या ‘आर्ट’मुळे. मूळ लॅटिनमध्ये ‘आर्ते’ म्हणजे कसबाने आणि ‘फॅक्टुम’ म्हणजे केलेले. सुताराचे कसबही त्यात आले आणि कुंभाराचेही. ललितकलेशी त्याचा खास संबंध नाही. गंमत अशी, की नेमक्या याच अर्थाचा शब्द आपल्याकडे होता. करण्यातून निपजले ते कृत्रिम. तो सिद्ध करण्याची सोय पाणिनीच्या सूत्रांत आहे. पण कृत्रिम फुले, कृत्रिम दात करता करता तो ‘खोटे’ या अर्थाकडे इतका कलला, की सापडलेल्या दगडी कुऱ्हाडीला कृत्रिम म्हटले तर वाचक ती बनावट समजेल. तो शब्द आता हातचा गेला. उरते ते ‘मानवनिर्मित वस्तू’. लांबलचक आहे, पण चुकीचे नाही.

खड्ड्यातून निघालेल्या प्रत्येक गोष्टीला मात्र ते लावता येत नाही. एक चूल उघडी पडली असे समजा. चूल स्वतः माणसानेच केलेली, पण ती उचलून पिशवीत भरता येत नाही. जागच्या जागी मोजून, आराखड्यात काढून, छायाचित्र घेऊन मगच ती खणायची. म्हणून ती रचना. राखेतला जळका दाणा हा जैविक अवशेष. तिथलेच खापर ही वस्तू. जनावराचे हाड निघाले तर तोही अवशेषच. तेच हाड घासून टोकदार केलेले असेल तर ती वस्तू झाली. त्यावर मांस कापताना पडलेले नुसते ओरखडे असतील, तर माणसाचा हात लागलेला असूनही हाड सहसा प्राण्यांच्या अवशेषांतच ठेवतात आणि ओरखड्यांची नोंद वेगळी करतात. हा फरक नुसत्या नावापुरता नाही. जळका दाणा किंवा कोळसा किरणोत्सारी कार्बनच्या पद्धतीने काळ सांगू शकतो, दगडी हत्यार स्वतः सांगू शकत नाही. ‘कुऱ्हाडीची कार्बन चाचणी केली’ असे वाक्य त्यामुळे मुळातच चुकते. कुऱ्हाडीच्या थरातल्या कोळशाची चाचणी झालेली असते.

सर्वात जास्त चुका दगडाच्या बाबतीत होतात. चकमकीसारख्या बारीक पोताच्या दगडाची कड 90 अंशांहून कमी कोनाची असेल आणि कडेपासून थोडे आत दुसऱ्या दगडाचा टोला नेमका बसला, तर धारदार छिलका सुटतो. टोला बसला तिथे लहानशी सपाट पट्टी राहते. तिच्या लगेच खाली, छिलक्याच्या आतल्या अंगाला, बोटाला जाणवणारा फुगवटा असतो आणि त्यापासून पाण्यावर उठावेत तसे तरंग पसरलेले दिसतात. पाठीवर आधी सुटलेल्या छिलक्यांच्या खाचा असतात. ज्यातून छिलका निघाला तो गाभा. एक हातकुऱ्हाड घडवताना असे ढीगभर छिलके पायाशी पडतात. तो कचरा, कुणाला नको असलेला, तरी तोही आर्टिफॅक्टच. त्याला ‘हत्यारे’ म्हणणे चूक आणि कलाकृती म्हणणे तर हास्यास्पद.

पण फुगवटा दिसला की काम झाले, असेही नाही. पुरात दगडावर दगड आदळतो, कड्यावरून धोंडा कोसळतो, तेव्हाही असेच छिलके उडतात. निसर्गाने फुटलेल्या दगडांत 90 अंशांहून बोथट कोन बरेच असतात आणि खाचा कुठल्याही दिशेने गेलेल्या असतात. घडवलेल्या दगडात त्यांची काही संगती लागते. नांगराच्या फाळाने उडालेला टवका रंगावरून ओळखू येतो: जुना पृष्ठभाग मळकट, नवी खाच ताजी. एकच दगड हातात घेऊन निकाल देऊ नये, हे यातले साधे पथ्य. ते न पाळल्याने युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कित्येक दशके ‘इओलिथ’ नावाचे दगड माणसाने घडवलेले की निसर्गाने फोडलेले, यावर वाद चालला. 1905 मध्ये फ्रेंच पुराजीवशास्त्रज्ञ मार्सेलँ बूल यांनी फ्रान्समधल्या सिमेंटच्या कारखान्यात घुसळण यंत्रातून निघालेले चकमकीचे दगड पुढे केले. हुबेहूब तसेच!

माकडांनी तर आणखी पंचाईत केली आहे. ब्राझीलच्या सेरा दा कापिवारा उद्यानातली कॅपुचिन माकडे दगडावर दगड आपटतात आणि त्यातून आदिमानवाच्या छिलक्यांसारखे धारदार छिलके सुटतात. 2016 मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध झाले. कापण्यासाठी माकडे ते वापरताना दिसली नाहीत. म्हणजे आकार सारखा असला तरी पुरावा आकारापाशी थांबत नाही. वापराच्या खुणा, सोबतच्या गोष्टी, थर, सगळे पाहावे लागते. दुसऱ्या टोकाला केनियातील लोमेक्वीची हत्यारे आहेत. 2015 मध्ये जाहीर झालेली ही हत्यारे सुमारे 33 लाख वर्षांपूर्वीची, तर ‘होमो’ या आपल्या प्रजातीचा आजवरचा सर्वात जुना जीवाश्म सुमारे 28 लाख वर्षांपूर्वीचा. तिथे ‘मानवनिर्मित’ हा शब्दही थोडा ताणूनच वापरावा लागतो.

‘पुरावस्तू’ला कायद्याची चौकट आहे, हेही लक्षात ठेवावे. 1972 च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यात साधारणपणे 100 वर्षांहून कमी नाही इतकी जुनी वस्तू या व्याख्येत बसते; शास्त्रीय, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा कलात्मक मूल्य असलेल्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा 75 वर्षांची आहे. कालची वीट मानवनिर्मित आहे, पुरावस्तू नाही. म्हणून जप्तीच्या किंवा तस्करीच्या बातमीत हा शब्द सैलपणे वापरणे बरे नाही. तिथे त्यावरून गुन्हा ठरतो.

वैद्यकीय मजकुरात तर अर्थ जवळजवळ उलटा होतो. तपासणीच्या यंत्रामुळे किंवा पद्धतीमुळे उमटलेली, शरीरात प्रत्यक्ष नसलेली खूण म्हणजे तिथला आर्टिफॅक्ट. एमआरआय चालू असताना रुग्ण हलला की प्रतिमेला भुताटकीसारखी दुसरी सावली पडते. सीटी स्कॅनमध्ये धातूच्या सांध्याभोवती पांढरे-काळे पट्टे दिसतात. ईसीजीत घरगुती विजेची 50 हर्ट्झची थरथर रेषेला जाड करते. कंप असलेल्या रुग्णाच्या हाताची थरथर तर कधी हृदयाच्या अनियमित ठोक्यांसारखी दिसते आणि नको ते उपचार सुरू होऊ शकतात. ‘आलेखात कलाकृती आढळली’ हे भाषांतर यंत्राने केले असेल तर एकवेळ समजू, पण उपसंपादकाच्या नजरेतून ते सुटू नये. इथे ‘आभासी खूण’ किंवा ‘तपासणीतला दोष’ म्हणावे. छायाचित्राची जेपीईजी फाइल फार दाबली की 8 बाय 8 बिंदूंचे चौकोन दिसू लागतात, तेही याच जातीचे.

आमची विनंती एवढीच, की पहिल्या उल्लेखाला ‘मानवनिर्मित वस्तू’ लिहावे आणि पुढे सरळ त्या वस्तूचे नाव घ्यावे. खापर, मणी, पाते, छिलका, पाटा, बांगडीचा तुकडा. बातमीदाराला नाव माहीत नसेल तर खोदणाऱ्यांना विचारावे; ‘मातीची गोल, मध्ये भोक असलेली चकती’ असे लिहिले तरी ‘दुर्मीळ कलाकृती’पेक्षा वाचकाला जास्त कळते. कलाकृती हा शब्द मूर्ती, चित्र, कोरीवकाम यांच्यासाठी राखून ठेवावा.

आणि जाता जाता: सुटा शब्द ‘वस्तू’, पण समासात ‘वस्तुसंग्रहालय’. तिथला ‘तु’ ऱ्हस्व आहे.

आपले,
पुरातत्त्व व संग्रहालय क्षेत्रात काम करणारे काही वाचक