सातबाऱ्याचा खरा पत्ता चावडीवर लावा

महोदय,

पीककर्जाचे दिवस आले की आमच्या वाचनालयात पेपर वाचणाऱ्यांपेक्षा ‘सातबारा कुठून काढायचा?’ असे विचारणारेच जास्त येतात. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे, घोडे अडते ते पत्त्यापाशी. नुसते ‘सातबारा’ टाइप केले की सरकारी संकेतस्थळाच्या आगेमागे तशीच दिसणारी खासगी पाने येतात. अशाच एका पानावर आमच्या एका वाचकाने दीडशे रुपये भरले, आधार क्रमांकही दिला. हाती पडला तो बिनसहीचा उतारा, जो राज्य सरकारच्या ‘महाभूलेख’ या जमीन नोंदींच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येतो. बँकेने तो परत केला. डिजिटल स्वाक्षरीचा, सरकारी कामाला चालणारा सातबारा सरकारच्याच ‘महाभूमी’ संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. संताप येतो तो याचाच.

इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात माणसे एकेक संकेतस्थळ स्वतः पाहून विषयवार सूची करत. स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९४ मध्ये सुरू केलेली याहूची सूची २०१४ मध्ये बंद झाली. आता सर्च असताना सूची कशाला, असे म्हणतात. सरकारी कामापुरते तरी मला हे पटत नाही. सर्चमध्ये पैसे मोजून जाहिरात वर आणता येते. तपासून केलेल्या सूचीत तसे घुसता येत नाही.

केंद्र, राज्ये, जिल्हे, न्यायालये यांच्या संकेतस्थळांची अशी वर्गवार सूची एनआयसीने (केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने) केलेली आहे. पत्ता आयजीओडी डॉट जीओव्ही डॉट इन. पण आमच्याकडे येणाऱ्यांपैकी कोणी तिचे नावही ऐकलेले नसते.

म्हणून जिल्हा प्रशासनाला विनंती आहे. काम, संकेतस्थळाचा नेमका पत्ता आणि शुल्क एवढ्या तीन रकान्यांचा मराठी तक्ता प्रत्येक चावडीवर, ग्रामपंचायतीत आणि वाचनालयात लावावा. पत्त्यातल्या (सुरुवातीच्या ‘https://’ मधल्या रेघा सोडून) पहिल्या तिरप्या रेघेच्या अगदी आधी ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘डॉट एनआयसी डॉट इन’ आहे ना, हे बघायलाही त्यात ठळक अक्षरांत सांगावे. आम्ही असा तक्ता हाताने लिहून देवघेवीच्या टेबलाशी लावला आहे. पण शुल्क किंवा पत्ता बदलला की आम्हाला ते उशिरा कळते. प्रशासनाने दर तीन महिन्यांनी तारीख घालून नवा तक्ता पाठवावा. तो लावायचे आणि न वाचता येणाऱ्यांना समजावून सांगायचे काम आम्ही करू.

— ग्रंथपाल, ‘क’ वर्ग सार्वजनिक वाचनालय, ता. तासगाव, जि. सांगली