बाई, तुमच्यामुळे आम्ही समेवर आलो

प्रिय बाई,

आमच्याकडे शाळेत शिकवणाऱ्या स्त्रीला नुसतं 'बाई' म्हणतात, म्हणून तुम्हालाही तेच म्हणते. माझी लेक तुम्हाला हे पत्र इंग्रजीत वाचून दाखवेलच. पण मनातलं मला मराठीतच नीट सांगता येतं, आणि अमेरिकेत स्क्वेअर डान्सला जाणारी आणखी मराठी मंडळी आहेत, त्यांनाही तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते कळावं असं वाटतं.

त्या शनिवारी तुम्ही आमच्या स्क्वेअर डान्स क्लबला काँट्रा, म्हणजे समोरासमोरच्या लांब रांगांतला नाच, शिकवायला आलात, तेव्हा चर्चच्या हॉलमध्ये आम्ही सव्वीस जण होतो आणि एकही नवखा नव्हता. स्क्वेअरच्या पायऱ्यांपैकी मेनस्ट्रीम सगळ्यांचं झालेलं, त्यापुढची प्लस बहुतेकांची. कॉलर, म्हणजे नाचाच्या हालचाली पुकारणारा, पुढच्या क्षणी काय पुकारेल ते ठाऊक नसताना चौकोनात उभ्या आठ जणांनी ऐकल्याबरोबर ते करून मोकळं व्हायचं, यात आमची वर्षं गेलेली. काँट्राबद्दल आमचं मत आधीच पक्कं होतं: तेच ते पुन्हा पुन्हा, शिकाऊंसाठी ठीक. त्याला कारणही होतं. दोन वर्षांपूर्वी एका पाहुण्या कॉलरने रेकॉर्ड लावली, 'तुम्हाला हे सगळं येतंच' म्हणत काही न सांगता आम्हाला रांगांत उभं केलं, आणि तिसऱ्या फेरीला रांगा विस्कटल्या. ज्यांना कधी चुकायची सवय नाही अशी माणसं चुकली की फार दुखावतात. निम्मे लोक कॉफीकडे गेले ते परत आलेच नाहीत.

तुम्ही मात्र फिडल आणि पियानो वाजवणारे दोघे घेऊन आलात आणि पहिली दहा मिनिटं आम्हाला जागचं हलू दिलं नाहीत. फक्त ऐका म्हणालात. धुनेचा पहिला भाग दोनदा, दुसरा भाग दोनदा, प्रत्येक वेळी सोळा मात्रा, एकूण चौसष्ट. मग दर आठ मात्रांनी टाळी. मग डावीकडे एक पूर्ण गोल. आम्ही पाच-सहा मात्रांत पोचलो आणि नेहमीसारखे पुढच्या कॉलची वाट बघत थांबलो. तुम्ही हसून विचारलंत, "उरलेल्या मात्रा कुठे गेल्या?"

बाई, माझ्या वडिलांना तबल्याचं वेड होतं. सम म्हणजे काय ते मी लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून शिकले, आणि इतकी वर्षं नाचताना मला समेची आठवण एकदाही झाली नव्हती! अलेमांड लेफ्ट, लेडीज चेन, स्टार, या हालचालींची नावं सगळी आमच्या ओळखीची. पण आम्ही ती उरकत होतो. तुम्ही ती सुरात बसवायला लावलीत. लेडीज चेनला आठ मात्रा म्हणजे आठच. हात सोडून पुढच्या माणसाकडे वळायचं ते नेमकं पुढची ओळ सुरू होते तिथे.

स्विंगची गोष्ट तर मी जन्मभर सांगेन. आमच्या स्क्वेअरमध्ये स्विंग म्हणजे चालत चालत घेतलेली एखाद-दुसरी गिरकी. तुम्ही दाखवलंत की उजवं पाऊल जागेवर ठेवायचं, डाव्याने रेटा द्यायचा, किंचित मागे झुकून एकमेकांना भार द्यायचा, आणि चक्कर येऊ नये म्हणून समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. कुणाला भार देणं जमेना. मी म्हटलं, आमच्या फुगडीत हेच असतं. तुम्ही शिकवणं थांबवलंत, मला हॉलच्या मध्यभागी बोलावलंत आणि म्हणालात, दाखवा. मंगळागौरीला घालतो तशी फुगडी मी तुमच्याबरोबर घातली: हातांची अढी, पायांना पाय भिडवलेले, शरीर मागे. एकीने कच खाल्ली तर दोघी पडतात, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि पुढच्या स्विंगला हॉल बदलला. पाहुणी शिक्षिका शिकवता शिकवता दुसऱ्याकडून घेते, हे माझ्या क्लबने त्या दिवशी पाहिलं. माझ्या देशातलं काही या हॉलमध्ये उपयोगी पडेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

रांगेच्या टोकांचा गोंधळ तुम्ही आधीच ओळखला होता. स्क्वेअरमध्ये काहीही झालं तरी शेवटी आपण आपल्या जागी परततो. इथे दर चौसष्ट मात्रांनी नवीन जोडी समोर येते आणि टोकाला पोचलेल्या जोडीला एक फेरी नुसतं उभं राहावं लागतं. "जागा बदला, श्वास घ्या, आता तुम्ही उलट दिशेने येणार," एवढंच तुम्ही सांगितलंत.

आणि लार्क-रॉबिन. जोडीतला डावीकडचा लार्क, उजवीकडची रॉबिन, मग तो पुरुष असो की बाई. आमच्यातल्या दोन विधवा मैत्रिणी जोडीदार नाही म्हणून कित्येक शनिवार खुर्चीवर काढत. त्या रात्री दोघी एकमेकींबरोबर नाचल्या आणि पुढच्या नाचाला दुसऱ्यांनी त्यांना विचारलं. हा एक बदल मला सगळ्यात मोठा वाटतो.

मधल्या सुट्टीत तुम्ही सांगितलेली हकीकतही लक्षात आहे. लंडनमध्ये १६५१ साली जॉन प्लेफर्डने नाचांचा जो संग्रह छापला त्यात लांब रांगांचे नाच होते. फ्रेंचांनी त्यांना आपलंसं केलं आणि चौकोनी नाचही पुढे तिथेच फुलले. कोलोरॅडोत लॉइड शॉ यांनी आपल्या शाळेतल्या मुलांना घेऊन स्क्वेअरला नवा जीव दिला, तर न्यू हॅम्पशायरमध्ये राल्फ पेज यांनी काँट्रा जिवंत ठेवला. एकाच माहेरच्या लेकी, असं मी मनात म्हटलं. आमच्या नाचाला तुम्ही कुठेही कमी लेखलं नाहीत, म्हणून आम्ही तुमचं ऐकलं.

शेवटच्या काँट्राला तुम्ही दर फेरीला एकेक शब्द कमी केलात. आधी पूर्ण वाक्य, मग नुसतं नाव, मग नुसता सूर. आमचा कॉलर कधी गप्प बसत नाही. तो थांबला म्हणजे काहीतरी बिघडलं. त्यामुळे तुम्ही गप्प झाल्यावर क्षणभर माझ्या पोटात गोळा आला. पण पाय चालत राहिले. फिडल वाजत होतं, कुणी कुणाला काही सांगत नव्हतं, आणि रांगाच्या रांगा एकाच मात्रेला वळत होत्या. माझ्या नवऱ्याचे डोळे भरून आले होते. त्याने ते लपवलं नाही.

आता आमचा प्रत्येक शनिवार एका काँट्राने सुरू होतो. ग्रीनफिल्डच्या ग्रेंज हॉलमधल्या (शेतकरी संघटनेच्या सभागृहातल्या) पुढच्या नाचाला आम्ही आठ जण येतोय. त्या रात्री तुम्ही कॉल करणार नाही, नुसत्या नाचायला येणार, असं कळलं. पहिला नाच माझ्या नवऱ्याने मागून ठेवला आहे. दुसरा माझ्यासाठी राखून ठेवा.

तुमची,
फुगडीवाली