कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या, गाड्यांच्या वायरमन मामांना, एका जुन्या मारुती 800 च्या मालकिणीकडून

मामा, स. न. वि. वि.

'बाई, नाव कुठं घालू नगा, मग उठसूट लोक फोन करत्यात,' असं तुम्ही बजावलंत म्हणून नाव घालत नाही. उद्यमनगरात ज्यांना ओळखायचंय ते ओळखतीलच. तुम्ही स्वतः हे वाचणार नाही, पण तुमच्याकडे पान्हे पुसत बसलेला तो पोरगा दिवसभर मोबाईलमध्येच असतो, त्याच्याकडून वाचून घ्या.

आमची गाडी म्हणजे 2004 ची मारुती 800. 796 सीसी, तीन सिलिंडर, एमएच-09. पर्यावरण कर भरून, पासिंग करून घेऊन चालवतोय. कंपनीने 2014 च्या जानेवारीत ही गाडी बनवणंच थांबवलं, त्यामुळे 'अजून हीच चालवता?' हे वाक्य मला शाळेच्या शिपायापासून नणंदेपर्यंत सगळ्यांनी ऐकवलंय. पण गगनबावड्याच्या बाजूला शाळा, पावसाळ्यात एस.टी.चा भरवसा नाही आणि नव्या गाडीचा हप्ता झेपणारा नाही. गाडीबद्दल माझी काही तक्रारही नव्हती. दोन वर्षांपूर्वीपर्यंत.

मग तिने ते सुरू केलं. सकाळी पहिल्या चावीला चालू, फुलेवाडीतून बाहेर पडेपर्यंत सगळं ठीक आणि कळ्याच्या पुढे गेलं की चालता चालता बंद. मिसिंग नाही, झटका नाही, धूर नाही. अर्धा तास बॉनेट उघडून ठेवायचं, की परत काही घडलंच नाही अशी सुरू. गेल्या जुलैत सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून येताना ती अशीच थांबली. त्यांच्या डोळ्यावर हिरवी पट्टी, बाहेर धो धो पाऊस, मागून उसाच्या पट्ट्यातनं येणाऱ्या गाड्यांचे हॉर्न. एका दुधाच्या टेम्पोवाल्याने टोचन लावून गावापर्यंत आणलं. पैसे देऊ केले तर म्हणाला, 'आजीला आधी घरात न्या.' त्याचेही आभार मानायचे राहिलेत, ते इथेच मानते.

त्याआधीच्या आणि त्यानंतरच्या गॅरेजवाल्यांचं काय सांगू? एकाने पेट्रोल टाकीतली मोटर बदलली. दुसऱ्याने कॉईल आणि प्लग. तिसऱ्याने एक सेन्सर बदलला आणि तो करताना वायर तोडून, पिळून, वर काळी टेप गुंडाळून ठेवली. प्रत्येकाचं बिल वेगळं, प्रत्येकाची खात्री शंभर टक्के. एकाने तर मी लक्षणं सांगायला लागल्यावर हात वर करून विचारलं, 'मिस्टर कुठायत? त्यांना पाठवा, त्यांना समजंल.' आमचे मिस्टर स्कूटरचा स्टेपनी टायरही मलाच बदलायला लावतात, हे त्या भल्या माणसाला कोण सांगणार!

आणि ते एक मोठं ठिकाण. काचेचं केबिन, एसी, यंत्रातला चहा. तिथे गाडी बंद पडलेल्या अवस्थेत नेली, स्कॅनर लावला, तर स्क्रीनवर नुसतं कनेक्ट होत नाही, कनेक्ट होत नाही. त्यावर निष्कर्ष काय, तर 'गाडी जुनी आहे, स्कॅनर घेत नाही, काढून टाका.' तुम्ही हे ऐकून हसलात ते मला आठवतंय. 'अवो, घेत न्हाई तेच तर उत्तर हाय की,' असं म्हणालात. इंजिन चालवणारी कॉम्प्युटरची पेटी, म्हणजे ईसीएम, जागी नसेल तर ती स्कॅनरशी बोलणार कशी!

मी तुमच्याकडे आले ती थोडी चिडूनच आले होते. तुम्ही गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. आधी विचारलंत, 'बंद पडल्यावर चावी लावली की बाकीचं दिवं लागत्यात, पण इंजिनाचा पिवळा दिवा लागतो का?' नाही लागत, मी म्हटलं. हेच मी आधीच्या प्रत्येकाला सांगितलं होतं. त्यांच्या कानांवरून गेलं, तुम्ही मात्र तिथेच थांबलात, कारण तो दिवा पेटीच लावते.

तरी पेटीवर लगेच आळ घेतला नाहीत, याचं मला फार वाटतं. ईसीएम गेला असं म्हणून हजारो रुपये सांगायला काय लागतं? आधी पेटीला करंट पोचतोय का, अर्थिंग धड आहे का, हे बघत बसलात. मीटर न घेता तो जुना बल्बवाला टेस्ट लॅम्प घेतलात, तेव्हा मी न राहवून विचारलं. तुमचं उत्तर मी विज्ञानाच्या तासाला सातवीच्या मुलांना सांगितलं: 'मीटरला एक तार धरून असली तरी बारा व्होल्ट दिसत्यात. दिवा पेटायला सगळ्या तारा लागत्यात.' अर्थिंगचा बोल्ट गंजलेला निघाला. साफ केलात, नवी वायर टाकलीत. दुसरा कुणी असता तर तिथेच 'झालं काम' म्हणून बिल फाडलं असतं. तुम्ही म्हणालात, ही चूक होतीच, पण तुमचा आजार हा न्हवं.

मग घरातनं लेकीचा हेअर ड्रायर आणलात. हे दृश्य मी आयुष्यात विसरणार नाही. डॅशबोर्डखालून पेटी मोकळी करून लोंबकळत ठेवलेली, इंजिन चालू, आणि तुम्ही स्टुलावर बसून तिच्यावर गुलाबी ड्रायरचा गरम वारा सोडताय. शेजारच्या लेथवाल्याने काम थांबवून विचारलं, 'मामा, केस वाळवायलाय व्हय?' तुम्ही बोटाने त्याला गप्प केलंत. थोड्याच वेळात इंजिन बंद. पिवळा दिवा गायब. घाटात, पावसात, सासूबाईंना घेऊन जे व्हायचं ते तुमच्या दारात, सावलीत, मागितल्यासारखं झालं. गार फडकं लावून जरा वेळ थांबलात, परत चालू. मग पुन्हा एकदा तसंच करून दाखवलंत, आणि या वेळी ड्रायर माझ्या हातात दिलात.

पेटी उघडल्यावरही मला बोलावलंत. भिंग हातात दिलंत. हिरव्या पाटीवर एक कपॅसिटर टम्म फुगलेला, पुरीसारखा, आणि त्याच्या बुडातून गळलेल्या रसाने तांब्याच्या बारीक रेघा काळ्या पडलेल्या. 'ह्यात कंपनीचा काय दोष न्हाई,' तुम्ही म्हणालात, 'वीस वरसं तापून गार, तापून गार. आतलं पाणी आटणारच.' दुरुस्त करता येईल, पण रेघा खाल्ल्यात, घाटात जाणाऱ्या बाईमाणसाला मी असला भरवसा देणार नाही, हेही स्पष्ट सांगितलंत. मग कुर्ल्याहून त्याच नंबरची जुनी पेटी मागवलीत. ती बसवायच्या आधी कॉईल आणि इंजेक्टर मोजून घेतलेत, कारण त्यातलं एखादं शॉर्ट असेल तर आलेली पेटीही जळते. तिसऱ्याने गुंडाळलेली ती काळी टेप काढून सोल्डर मारलात. चावीचं कोडिंग नसलेली गाडी आहे हे नशीब म्हणालात. बाकीचा तपशील मला सांगता येणार नाही, आणि त्याची गरजही नाही. गाडी चालते. परवा बावड्यापर्यंत जाऊन, वर्गाची पुस्तकं उतरवून, न थांबता परत आले.

पण मामा, हे पत्र त्यासाठी नाही.

घरी आल्यावर मी ग्लोव्हबॉक्स उघडला. झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरी चिकटपट्टी, आणि तिच्यावर बॉलपेनने, तुमच्या तिरक्या अक्षरात:

'ईसीएम बदलला, नंबर तोच. अर्थ वायर नवी. सेन्सरच्या वायरला जोड होता, सोल्डर केला. कॉईल इंजेक्टर ठीक. जुनी पेटी मालकाकडं.'

खाली तारीख. सही नाही, दुकानाचं नाव नाही, फोन नंबर नाही.

मी दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, हे कशासाठी? तुम्ही जरा ओशाळून म्हणालात, 'पुढं मी नसलो तर पुढच्या मिस्त्रीनं परत पहिल्यापासनं शोधत बसायचं व्हय? आन् तुमचंच पैसं जायचं.'

फोन ठेवल्यावर मला रडू आलं. हे सांगायला लाज वाटत नाही. दोन वर्षांत कुणी मला गाडीत काय काढलं, काय घातलं हे धड सांगितलं नव्हतं. जुने पार्ट मागितले की 'ते टाकले' एवढंच उत्तर. आणि तुम्ही एका अनोळखी माणसासाठी, जो उद्या कधीतरी माझ्या गाडीत डोकं घालेल, निरोप लिहून ठेवलात. त्या माणसाला तुमचं नावही कळणार नाही.

आमच्या शाळेत माझ्या आधीच्या बाई बदलून जाताना कपाटाच्या दारावर आतून एक कागद चिकटवून गेल्या होत्या. कोणत्या मुलीला फळ्यावरचं दिसत नाही, कुणाच्या घरी रात्री दिवा नसतो, कुणाला डबा विचारायचा नाही. त्यांना भेटण्याचा योग मला कधी आला नाही. दवाखान्यात रात्रीची सिस्टर सकाळच्या सिस्टरला खाटेशी उभी राहून सांगते, तेही त्यातलंच. अशी माणसं कुठे कुठे असतात, त्यांच्यामुळेच आपलं सगळं चाललेलं असतं, आणि त्यांचा सत्कार कुणी करत नाही, कारण त्यांनी सही केलेली नसते. कोल्हापूरच्या फाउंड्रीचं, ऑइल इंजिनांचं कौतुक सगळे करतात. ते करावंच. पण मला कुणी उद्यमनगराबद्दल विचारलं तर मी त्या चिकटपट्टीबद्दल सांगते.

त्या मोठ्या ठिकाणच्या साहेबांना मात्र एक विनंती. तुमच्या यंत्रातला चहा चांगला होता. पुढच्या वेळी एखादी बाई लक्षणं सांगायला लागली, तर तो संपेपर्यंत तरी ऐकून घ्या.

आणि मामा, शेवटचं. गाडी अडकून पडली ते दिवस धरू नका, नुसती पेटी आणि मजुरी द्या, असं म्हणून तुम्ही जे बिल केलंत ते मला मान्य नाही. ड्रायर तापवायची वीज तरी लावायची होती! तुम्ही सांगितलेली रेडिएटरच्या फॅनची वायर बघायला मी पुढच्या रविवारी येतेय. लेकीसाठी नवा ड्रायर आणते, जुना तुमच्या हत्यारांच्या पेटीतच राहू द्या. सासूबाईंनी तांदळाच्या भाकरी आणि खर्डा पाठवायचं ठरवलंय. त्याला तुम्ही नाही म्हणायचं नाही, आणि त्या पोरालाही वाटा द्यायचा.

आपली,
गगनबावड्याच्या बाई